‘तयारी झाली का?’

२४ डिसेंबर, दुपारचे दोन वाजून तीन मिनिटं. सुपरमार्केटचं काचेचं दार बंद झालेलं आणि आत फरशी पुसणारा मुलगा माझ्याकडे बघून मान हलवतोय. मी बोट वर करून खुणेने सांगतेय, एकच, फक्त एकच वस्तू. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला आणि परत पोछा मारायला लागला.

मला केकसाठी क्रीम हवं होतं. घरी तीन थरांचा केक अर्धवट पडलेला, करंज्यांचं सारण परातीत तसंच, दोन वर्षांचा मुलगा तापाने किरकिर करतोय, सात वर्षांची मुलगी देवदूताचा पुठ्ठ्याचा पंख मोडला म्हणून रडतेय आणि नवरा इस्त्री हातात धरून विचारतोय, ‘नक्की कुठला कुर्ता?’ तीन वाजता चर्चमध्ये पोचायचं होतं. आणि मी त्या बंद दाराशी, पावसात, एका क्रीमच्या डब्यासाठी हुंदके देऊन रडले.

जर्मनीत नाताळ काढला नसेल तर यातली मेख कळायची नाही. इथे २४ तारखेला दुकानं फार तर दुपारी दोनपर्यंत उघडी असतात. २५ आणि २६, दोन्ही दिवस सुट्टी. दोनच्या आत जे घरात आलं नाही ते थेट सत्तावीसला. सत्तावीसला रविवार आला तर अठ्ठावीसला, कारण रविवारीही सगळं बंदच. ‘काका, शटर जरा वर करा ना’ म्हणायची सोय नाही.

घरी परत येताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. माझे डोळे बघून त्यांनी विचारलं, ‘कोण गेलं?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही. क्रीम राहिलं.’ त्या हसल्या नाहीत. नुसतं ‘अच्छा’ म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या. संध्याकाळी साडेसहाला दारात हजर. हातात बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं आणि कागदात गुंडाळलेली सॉसेजेस. ‘पाण्यात नुसती गरम करायची, उकळायची नाहीत, फुटतात.’ एवढंच सांगून वर गेल्या.

मला आधी त्यांची कीवच आली. बाई एकट्या, नाताळच्या रात्री बटाटे आणि सॉसेज खातात! मग ऑफिसमध्ये चौकशी केली तर कळलं की जर्मनीत २४ तारखेच्या रात्री असंख्य घरांत हेच जेवण असतं. श्रीमंताघरीही. बदक, हंस वगैरे थाटमाट पंचवीसला. चोवीसची रात्र म्हणजे चर्चमधून यायचं, आदल्या दिवशी करून ठेवलेलं सॅलड काढायचं, सॉसेज गरम करायचं आणि बसायचं. जुन्या काळी हा दिवस उपासाचाच होता, त्यामुळे रात्रीचं ताट साधं, असं म्हणतात. ज्या देशातून मी नाताळच्या चकचकीत चित्रांची हौस उचलली, तो देश त्या रात्री बटाटे खातो, हे पचायला मला वेळ लागला.

आम्हाला लाइपझिगला येऊन आता आठ वर्षं झाली. क्रीमचा प्रसंग चौथ्या वर्षातला. त्याआधीची तीन वर्षं मी काय करत होते ते सांगते, म्हणजे रडण्याचं कारण क्रीम नव्हतं हे लक्षात येईल.

आमच्या घरात ‘नाताळ’ हा शब्द ‘तयारी’शिवाय कधी आलाच नाही. डिसेंबर लागला की आईचा फोन, ‘तयारी झाली का?’ मावशीचा फोन, ‘तयारी झाली का?’ इथे आल्यावर बघते तर शेजारी, ऑफिसमधले, पाळणाघरातल्या बाई, सगळे तेच विचारतात, फक्त जर्मनमध्ये. ‘सगळं झालं?’ मी दोन्हीकडच्या तयाऱ्या एकदम अंगावर घेतल्या. तिकडचं म्हणजे करंज्या, शंकरपाळे, केक, नवे कपडे, दाराबाहेर तारा, गोठा, आणि सगळ्याचे फोटो वेळेत ग्रुपवर. इकडचं म्हणजे सहा तारखेच्या निकोलाउससाठी, म्हणजे मुलांना खाऊ आणणाऱ्या संतासाठी, पाचच्या संध्याकाळी मुलांचे बूट घासून दाराशी ठेवायचे आणि रात्री त्यात खाऊ भरायचा, पाच प्रकारची बिस्किटं, ऑफिसातल्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या भेटी, पाळणाघराची पार्टी, नाताळ बाजाराच्या चकरा, खिडकीत लाकडी कमानीवरचे दिवे, आणि या सगळ्यावर कळस म्हणजे चोवीस दिवसांचं कॅलेंडर.

हे कॅलेंडर म्हणजे एक ते चोवीस डिसेंबर रोज एक खिडकी उघडायची. दुकानात चॉकलेटवालं स्वस्तात मिळतं. पण पाळणाघरातल्या आयांच्या ग्रुपवर फोटो येतात ते हाताने शिवलेल्या चोवीस पिशव्यांचे. दोन मुलं म्हणजे अठ्ठेचाळीस पिशव्या. एकेकीत दोन-अडीच युरोंची वस्तू धरली तरी नाताळ यायच्या आत शंभर युरो उडाले, आणि घरात अठ्ठेचाळीस अशा गोष्टी आल्या ज्या जानेवारीत सोफ्याखाली सापडणार. मी शिवल्या त्या पिशव्या. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत. एकोणिसाव्या दिवशी मुलगी म्हणाली, ‘आज काय आहे? परत खोडरबर?’

गावाकडच्या वाचकांचा अजून एक गैरसमज दूर करते. बर्फ. ‘तुमच्याकडे काय बाई, खरा नाताळ!’ असं मला दर वर्षी ऐकवलं जातं. लाइपझिगला नाताळला पांढराशुभ्र बर्फ म्हणजे नशीबच लागतं. असतो तो पाऊस, चिखल आणि चार वाजता पडणारा मिट्ट काळोख. सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. मुलं अंधारात शाळेत जातात आणि अंधारात परत येतात. या अंधाराची मला पहिली तीन वर्षं एवढी धास्ती वाटायची, की तो दिसूच नये म्हणून मी घरभर माळा लावायचे.

क्रीमच्या वर्षानंतर मी ठरवून काही बदललं असं नाही. खरं तर मी इतकी थकले होते की पुढच्या वर्षी नोव्हेंबरात काही सुचतच नव्हतं. आणि त्या वर्षी बाबा गेले. सप्टेंबरात. विमानाने मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

इथे नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. या आगमनकाळाच्या, म्हणजे अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आधी एक रविवार असतो, त्याला टोटनझोनटाग म्हणतात. मृतांचा रविवार. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८१६ साली तो सुरू केला आणि प्रोटेस्टंट चर्चमध्ये आजही पाळतात. त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावं उपासनेत वाचतात, एकेका नावाला एकेक मेणबत्ती. तो दिवस होईपर्यंत नाताळचे दिवे लावू नयेत, असा इथला जुना संकेत. दुकानं तो कधीच विसरलीत, सप्टेंबरातच नाताळची बिस्किटं मांडतात. पण आमच्या आजी पाळतात, आणि त्या तर चर्चला जातही नाहीत.

पाळकबाईंना मी बाबांचं नाव दिलं. त्यांनी मला उपासनेआधी बाजूला बोलावलं आणि नाव तीनदा म्हणवून घेतलं. मग आपल्या कागदावर ते जर्मन उच्चाराप्रमाणे लिहिलं, आणि ‘ळ’च्या खाली पेन्सिलीने एक रेघ मारली, म्हणजे तिथे जीभ वळवायची. ‘ळ’ काही त्यांना जमला नाही. पण त्या थंड, अर्ध्या रिकाम्या चर्चमध्ये बाबांचं अख्खं नाव, आडनावासकट, मोठ्याने म्हटलं गेलं. मी मेणबत्ती लावली आणि जागेवर येऊन बसले. पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की हा काळ कशासाठी आहे.

आपण त्याला तयारीचे दिवस म्हणतो. तो वाट बघण्याचा काळ आहे. या दोन गोष्टी एक नाहीत. तयारी आपल्या हातात असते, यादी असते, टिक मारता येते. वाट बघणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तो फक्त दाराकडे तोंड करून बसलेला असतो.

आमच्या चर्चच्या गायनवृंदात एक काका आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांना हे मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला तर ते म्हणाले, ‘अहो, या शहराला हे माहीतच होतं. बाखला विचारा.’ योहान सेबास्टियन बाख इथे लाइपझिगमध्ये १७२३पासून मरेपर्यंत चर्चसंगीताचा प्रमुख होता. त्याच्या काळात इथल्या चर्चमध्ये आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी संगीत व्हायचं आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रविवारी कँटाटा, म्हणजे वाद्यांसोबत गायच्या भक्तिरचना, बंद. नाताळपर्यंत मोठं वाद्यसंगीत नाही. त्या शांततेनंतर नाताळच्या दिवशी ढोल आणि कर्णे वाजत. त्याचं प्रसिद्ध ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यांसाठीची मोठी रचना, सहा भागांचं आहे. ते त्याने एका बैठकीत वाजवलं नाही. २५ डिसेंबर १७३४ ते ६ जानेवारी १७३५ यांदरम्यान सहा दिवशी एकेक भाग, थोमास आणि निकोलाई या दोन चर्चमध्ये. म्हणजे आधी गप्प राहायचं आणि मग सण सावकाश, तेरा दिवस पुरवून खायचा. आपण नेमकं उलटं करतो. महिनाभर दणका आणि सव्वीस तारखेला सगळ्यांची डोकी दुखतात. (आता तेच ओरेटोरिओ नाताळच्या आधीच, डिसेंबरभर तिकीट लावून वाजतं. काकांना याचा भारी राग आहे. मला नाही, मी दोनदा गेले आहे.)

त्या वर्षी कॅलेंडर शिवायचं त्राण नव्हतं. काकांनीच एक जुनी रीत सांगितली. एकोणिसाव्या शतकात इथले गरीब प्रोटेस्टंट लोक दारावर खडूने चोवीस रेघा ओढायचे आणि मुलं रोज एक पुसायची. आम्ही स्वयंपाकघराच्या दारावर आतून ओढल्या. भाड्याचं घर, त्यामुळे नवऱ्याने आधी कोपऱ्यात खडू निघतो का ते पुसून बघितलं. रोज रात्री जेवण झालं की दिवे घालवायचे, एक मेणबत्ती लावायची, पवित्र शास्त्रातला एखादा लहानसा उतारा वाचायचा आणि एक रेघ पुसायची. पाच मिनिटं लागतात.

मुलगा मोठा झाल्यावर एके वर्षी त्याने गुपचूप एकदम तीन रेघा पुसल्या, म्हणजे नाताळ लवकर येईल. मुलीच्या लक्षात आलं. तिने खुर्ची ओढली, त्या तिन्ही रेघा परत काढल्या आणि वर त्याला दम भरला, ‘असं पुसून येत नसतो तो.’

आगमनकाळाचं जे हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं असतं, चार मेणबत्त्यांचं, ते तुम्ही फोटोत पाहिलं असेल. त्याची गोष्टही अशाच मुलांची आहे. हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिश विशर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३३ साली अनाथ आणि हलाखीतल्या मुलांसाठी एक आश्रम काढला. मुलं रोज भंडावून सोडायची, नाताळ कधी, नाताळ कधी. म्हणून १८३९ साली त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि बाकीच्या दिवसांच्या छोट्या लाल मेणबत्त्या त्यावर लावल्या आणि रोज एक पेटवायला लागला. बैलगाडीचं चाक असेल की घोडागाडीचं, मला कळत नाही, पण चाकच. आज फुलवाल्याकडे तेच कडं तीस-चाळीस युरोंना मिळतं, सुकवलेली संत्री आणि सोनेरी रिबिनी लावून. आम्ही ताटलीत वाळू घालून चार मेणबत्त्या खोचतो.

हे वाचून कुणी म्हणेल, वा, किती साधं. थांबा. साधेपणाचंही एक नाटक असतं आणि मी तेही करून बसले आहे. मधल्या एका वर्षी मी ‘साधा नाताळ’ असा ध्यासच घेतला. खाकी कागद, सुतळी, वाळकी पानं, लिनेनचा टेबलक्लॉथ. फोटो सुंदर आले. खर्च आधीपेक्षा जास्त झाला आणि मुलं कागदाला हात लावायला घाबरत होती. आईने फोटो बघून विचारलं, ‘पैशांची काही अडचण आहे का गं?’ तेव्हापासून खाकी कागदाला रामराम. आता मुलांनी रंगवलेली वर्तमानपत्रं वापरतो, आणि त्यांचे फोटो चांगले येत नाहीत.

आईचं मन वळवणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. ‘करंज्या नाहीत? मग नाताळ कसला?’ तिचं चुकत नाही. तिच्या हातच्या करंज्यांत तिचा नाताळ आहे, आणि घरच्या पाच बायका गोल बसून तीनशे करंज्या करतात तेव्हा ती तयारी नसते, ती गंमत असते. गाणी म्हणतात, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवतात. मी इथे एकटी रात्री अकरा वाजता ओव्हनचा पंखा लावून त्याच तीनशे करायला जात होते. पदार्थ तोच, बाकी सगळं गायब. आता आम्ही एकच गोष्ट करतो. दर वर्षी एक. मागच्या वर्षी शंकरपाळे, त्याआधी करंज्या, चाळीसच. त्यासाठी एक शनिवार ठरवतो आणि गायनवृंदातल्या दोघी-तिघींना बोलावतो. त्या लाटतात ती पारी जाड होते आणि करंज्या बुटासारख्या दिसतात. आई व्हिडिओवर बघून म्हणते, ‘चालतंय, पोटात जाऊन मोडणारच आहे.’

भेटवस्तूंचा प्रश्न तेवढा सरळ सुटला नाही. मुलांना एकेकच द्यायची असं ठरवलं, पण इथल्या शाळेत सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी सगळी मुलं गोल बसून काय काय मिळालं ते सांगतात. मुलगी एकदा घरी येऊन म्हणाली, ‘मी तीन सांगितल्या. दोन खोट्या.’ त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्या रात्री आम्ही लूककृत शुभवर्तमानातला दुसरा अध्याय परत वाचला, त्यांना उतारशाळेत जागा नव्हती तो. मुलगी शांतपणे म्हणाली, ‘त्यांचंही काहीच ठरल्यासारखं झालं नाही, ना?’ मी ‘हो’ म्हटलं. दिवस भरलेले, शिरगणतीच्या हुकुमामुळे प्रवास, जागा नाही, बाळ गव्हाणीत. आणि बातमी पहिल्यांदा कळली ती रात्रपाळीवरच्या मेंढपाळांना, जे घर सजवत नव्हते, कामावर होते. नाताळच्या रात्री आमच्या ओळखीची एक नर्स दर वर्षी ड्यूटीवर असते, तिला हा भाग फार आवडतो.

आता जर्मनीची एक गोष्ट सांगते जी ऐकून मी खरोखर चकित झाले. इथल्या राज्यघटनेतच रविवार आहे. १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं कलम आजच्या घटनेने जसंच्या तसं आपल्यात घेतलंय. रविवार आणि सुट्ट्या हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखलेले आहेत. बर्लिन राज्याने आगमनकाळाचे चारही रविवार लागोपाठ दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा प्रोटेस्टंट आणि कॅथलिक ही दोन्ही चर्च घटना न्यायालयात गेली, आणि १ डिसेंबर २००९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की चारही रविवार असे सरसकट मोकळे करणं घटनेत बसत नाही. क्रीमच्या दिवशी मी ज्या बंद दाराला शिव्या घातल्या, त्याच्या आत फरशी पुसणाऱ्या मुलालाही घरी जायचं होतं, हे मला हा निकाल वाचताना आठवलं. बिचारा घड्याळाकडे हात करून तेवढंच तर सांगत होता.

आमचा सगळ्यात आवडता दिवस मात्र आगमनकाळाचा तिसरा रविवार. १९८६ साली ऑस्ट्रियाच्या रेडिओ-टीव्ही संस्थेने सुरू केलेली एक प्रथा आहे. बेथलेहेमात ख्रिस्तजन्माच्या गुहेत एक लहान मूल ज्योत पेटवतं, ती विमानाने व्हिएन्नाला येते आणि तिथून स्काउटची मुलं आगगाडीने ती गावोगाव पोचवतात. शांतिज्योत म्हणतात तिला. आपापला कंदील न्यायचा आणि ज्योत घरी आणायची. काड्यापेटी वापरायची नाही, विझली तर परत दुसऱ्याकडून घ्यायची. फुकट आहे, आणि दुकानात मिळत नाही.

मागच्या वर्षी आम्ही दोन कंदील घेऊन गेलो. येताना कालव्यावरच्या पुलावर असा वारा आला की मुलाचा कंदील फट्‌कन विझला. तो तिथेच बसला, मांडी घालून, ओल्या पुलावर. मुलीने आपला कंदील कोटाच्या आत धरला, दोघं एकमेकांवर ओणवी झाली, आणि मी आणि नवरा दोन्ही बाजूंनी जाकिटं पसरून उभे. चार प्रयत्न लागले. वितळलेलं मेण तिच्या बाहीवर सांडलं, ते अजून निघालेलं नाही. मागून सायकलवाला घंटा वाजवत आला, उतरला आणि काही न बोलता तोही वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला.

घरी आल्यावर प्रश्न, रात्रभर जळती ज्योत ठेवायची कुठे? घराला आग लागली तर? आजींना विचारलं. त्या चाळीस वर्षं पूर्व जर्मनीत वाढल्या, चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या वयात त्यांनी त्याऐवजी सरकारी, बिनदेवाची युवादीक्षा घेतली, देवाचं नाव काढलं की ‘ते तुमचं तुम्ही बघा’ म्हणतात. क्षणभर विचार करून म्हणाल्या, ‘बाथटबमध्ये.’ आणि आपल्याकडचा जाड काचेचा, सात दिवस जळणारा दिवा घेऊन आल्या. आठवडाभर बेथलेहेमची ज्योत आमच्या बाथटबमध्ये होती. अंघोळी बादलीने, भारतीय पद्धतीने. आजी रोज सकाळी दार वाजवून विचारायच्या, ‘आहे का अजून?’

खिडकीत आमचा कागदी तारा असतो. तो हेर्नहुटचा, याच राज्याच्या पूर्व टोकाच्या गावचा. मोरेवियन या जुन्या प्रोटेस्टंट मंडळीच्या वसतिगृहांत दोनशे वर्षांपूर्वी भूमितीच्या तासाला तो पहिल्यांदा बनवला गेला. त्या शाळेत दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांची मुलं राहायची आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बसून तारा जोडायची. पंचवीस टोकं, त्यांतली सतरा चौकोनी बुडाची, आठ तिकोनी. आम्हीही त्याच रविवारी जोडतो. दर वर्षी एक टोक चुकीच्या जागी बसतं आणि सगळं परत उसवावं लागतं. आईबापांपासून हजारो मैल लांब बसलेली ती मुलं तारा जोडत काय बोलत असतील, हा विचार माझ्या मनात येतो. त्यांचे आईबाप त्या वेळी आपल्यासारख्याच एखाद्या उकाड्याच्या देशात असणार, आणि मी त्यांच्या गावच्या थंडीत.

चोवीस तारखेचं आता असं आहे. सकाळी बटाटे उकडून सॅलड. आजींनी कृती दिली, मी त्यात हिरवी मिरची घातली, त्यांनी चाखून ‘हे सॅलड नाही, पण चांगलं आहे’ असा निकाल दिला. झाड त्याच दिवशी सजवायचं, आधी नाही. तीन वाजता मुलांचं नाटुकलं. गेल्या वर्षी मुलगा मेंढरू होता आणि तो गव्हाणीशेजारी खरोखर झोपून गेला. या शहरात चर्चला जाणारे मूठभर, पण त्या दुपारी पाय ठेवायला जागा नसते. मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली माणसं गाण्यांचे शब्द शोधत असतात. शेवटचं गाणं दिवे घालवून. थैली फिरते ती बहुतेक ‘ब्रोट फ्युअर दी वेल्ट’साठी, म्हणजे जगासाठी भाकरी. १९५९पासून प्रोटेस्टंट चर्च हा निधी गोळा करतात. मुलं आपल्या खाऊच्या पैशातून टाकतात, किती ते सांगत नाहीत.

मग घरी. आजी खाली येतात, पायात घरातल्या सपाता. दारावरची शेवटची रेघ पुसायची असते. बाबांच्या फोटोपाशी बाथटबातली ज्योत येते.

बरोबर साडेसातला आम्ही आईला फोन लावतो. आपल्यात आणि इथे हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिकडे मध्यरात्र, चर्चची घंटा. मागच्या वर्षी तिने फोन पिशवीतून बाहेर काढून वर धरला. आधी नुसती खरखर, कुणाचं तरी खोकणं, मग घंटा आणि एकदम सगळ्यांचा आवाज. मुलगा फोनला कान लावून बसला होता. घंटा थांबली तसा त्याने दाराकडे पाहिलं, जिथे नुकतीच रेघ पुसली होती.

‘म्हणजे आजीकडे तो आधी आला?’

मी टाइमझोन समजावून सांगायला लागले. वरच्या आजींनी विचारलं, काय म्हणतोय? मी जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, जरा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि पातेल्यातलं एक सॉसेज काढून त्याच्या ताटात वाढलं. ते फुटलं होतं. पाणी उकळलं होतं माझं, दर वर्षीसारखं.